एक गाणं धरा आणि मागे चालत जा : ब्रिटिश फोक-रॉक नव्याने ऐकणाऱ्यांसाठी

पुण्यात हॉस्टेलवर असताना, १९९३ साली, खोलीतल्या मित्राला त्याच्या मोठ्या भावाने इंग्लंडहून नव्वद मिनिटांची एक कॅसेट भरून पाठवली. एका बाजूवर पेनाने बँडचं नाव लिहिलेलं होतं, दुसरी बाजू कोरी होती. त्या कोऱ्या बाजूवर एक मुलगी गात होती. मागे इलेक्ट्रिक गिटार होती, ड्रम होते, पण कुणालाच घाई नव्हती. संध्याकाळी पक्षी निघून चालले आहेत, आता जायची वेळ झाली हे त्यांना कळतं तरी कसं, एवढंच ती विचारत होती. आम्ही दोघं दिवे न लावता बसून राहिलो. तिचं नाव सँडी डेनी आहे हे कळायला मला दोन वर्षं लागली, आणि ती १९७८ सालीच गेली हे त्याच दिवशी कळलं.

पुढची तीस वर्षं मी ही गाणी, म्हणजे जुनी लोकगीतं आणि इलेक्ट्रिक वाद्यं एकत्र आणणारं ब्रिटिश फोक-रॉक, ऐकतो आहे. अधूनमधून कुणी तरुण विचारतं, 'हे ऐकायचंय, पण सुरुवात कुठून करू?' त्यांना तोंडी जे सांगतो ते इथे क्रमाने मांडतो. एक गोष्ट आधीच सांगतो. बँडांची यादी घेऊन बसू नका. या संगीतात बँड फुटतात, जुळतात, माणसं या घरातून त्या घरात जातात. टिकून राहतं ते गाणं. म्हणून एक गाणं धरायचं आणि ते कुणाकडून कुणाकडे आलं याचा माग काढत मागे मागे जायचं.

पायरी १ : आधी एक आवाज

पहिला आठवडा फक्त सँडी डेनीला द्या. कॅसेटवरचं ते गाणं म्हणजे 'हू नोज व्हेअर द टाइम गोज' (काळ कुठे जातो कुणास ठाऊक), तिचं स्वतःचं. विशीच्या उंबरठ्यावर लिहिलेलं. फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या बँडबरोबर तिने ते १९६९ च्या 'अनहाफब्रिकिंग' या अल्बमसाठी गायलं. आधी ते ऐका. मग तिने एकटीने, फक्त गिटारवर गायलेलं जुनं ध्वनिमुद्रण शोधून ऐका. दोन्हींमध्ये ती ओळीच्या शेवटी श्वास कुठे सोडते इकडे लक्ष ठेवा. आवाज मोठा आहे, पण ती तो मोठा करून दाखवत नाही. एखाद्या शब्दावर जोर येणार असं वाटतं आणि नेमकी तिथेच ती आवाज खाली आणते.

'अनहाफब्रिकिंग'चं मुखपृष्ठही नीट बघा. लंडनच्या विम्बल्डन भागातल्या घराबाहेर एक वयस्क जोडपं उभं आहे. ते सँडीचे आई-वडील. मागे कुंपणाच्या फटीतून बँडची पोरं दिसतात. मला हे चित्र फार आवडतं. जुनी पिढी पुढे, नवी मागच्या अंगणात. पुढे वर्षभरात या मुलांनी जे केलं ते सगळं त्या फोटोत आधीच दिसतं.

याच अल्बमवर 'अ सेलर्स लाइफ' हे अकरा मिनिटांचं गाणं आहे. खलाशावर प्रेम करणारी मुलगी त्याला शोधत समुद्रावर निघते, हे जुनं लोकगीत सँडी आधी क्लबांमध्ये एकटीच गायची. बँडने ते एकाच दमात ध्वनिमुद्रित केलं. व्हायोलिनवर पाहुणा म्हणून बोलावलेला डेव्ह स्वॉर्ब्रिक. पहिली चार-पाच मिनिटं ड्रमवाला जवळजवळ लाटांसारखी झांज वाजवतो, मग हळूहळू सगळे एका लयीत येतात. इंग्लंडमधलं जुनं गाणं आणि विजेवरची वाद्यं यांची खरी गाठ इथे पडली असं मी मानतो.

पायरी २ : शब्द हातात घेऊन एक कथागीत ऐका

आता 'मॅटी ग्रोव्ह्ज'. हे गाणं ऐकताना शब्द समोर असलेच पाहिजेत, नाहीतर आठ मिनिटं नुसता ठेका ऐकाल. इंग्रजीत ज्याला बॅलड म्हणतात ते आपल्या पोवाड्यासारखं कथा सांगणारं गाणं, पण शौर्याचं गुणगान त्यात क्वचित. त्यात घरातल्या गोष्टी असतात : फसवणूक, खून, बहिणींचं वैर, बुडालेली माणसं.

'मॅटी ग्रोव्ह्ज'ची गोष्ट अशी. सणाचा दिवस, उमरावाची बायको चर्चमध्ये येते. तिथे तिला मॅटी नावाचा गरीब देखणा पोरगा दिसतो. नवरा घरी नाही, आज रात्री ये, म्हणते. घरचा एक नोकर हे ऐकतो आणि धावत, नदी पोहत मालकाला गाठतो. सकाळी मॅटी जागा होतो तर पलंगाच्या पायथ्याशी उमराव उभा. निःशस्त्र माणसाला मारलं असं कुणी म्हणू नये म्हणून तो आपल्या दोन तलवारींतली चांगली मॅटीला देतो, पहिला वारही त्यालाच करू देतो. मॅटी मरतो. उमराव बायकोला विचारतो, आता सांग, तुला कोण आवडतं? ती म्हणते, मेलेल्या मॅटीचं तोंड मला तुझ्यापेक्षा प्रिय आहे. मग तीही मरते. शेवटी तो दोघांना एकाच थडग्यात पुरायला सांगतो, पण तिला वर ठेवा म्हणतो, कारण ती मोठ्या घरची.

सँडी हे सगळं ज्या आवाजात गाते त्यावर माझा सगळ्यात जास्त भर आहे. चर्चची ओळ आणि खुनाची ओळ, दोन्हींचा आवाज एकच. नाट्य नाही, हुंदका नाही. आपल्याला भावगीताची, नाट्यगीताची सवय असते, तिथे शब्दाप्रमाणे आवाज ओला होतो. त्यामुळे पहिल्यांदा हे गाणं कोरडं वाटतं. मलाही वाटलं होतं. पण इंग्लंडमधले जुने गायक असेच गात. गोष्ट गाण्याची, गायक फक्त ती पोहोचवणारा. तीन-चारदा ऐकलं की त्या शांतपणानेच अंगावर काटा येतो. गोष्ट संपते आणि गिटार व व्हायोलिन सुटतात. जे गायिकेने आवरून धरलं होतं ते तिथे मोकळं होतं.

हे गाणं किती जुनं? सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका इंग्रजी नाटकात याच्या ओळी येतात. फेअरपोर्टने लावलेली चाल मात्र अमेरिकेच्या डोंगराळ भागातल्या एका गाण्याची. म्हणजे इंग्लंडहून लोकांबरोबर समुद्रापार गेलेलं कथागीत तिकडच्या चालीत परत आलं.

पायरी ३ : १९६९ साल नीट समजून घ्या

'मॅटी ग्रोव्ह्ज' ज्या अल्बमवर आहे त्याचं नाव 'लीज अँड लीफ'. तो कसा तयार झाला हे कळल्याशिवाय त्यातली गंभीरता कळत नाही.

फेअरपोर्ट कन्व्हेन्शन १९६७ साली उत्तर लंडनच्या मझवेल हिल भागात सुरू झाला. गिटारवाला सायमन निकोल ज्या घरात राहायचा त्याचं नाव फेअरपोर्ट, तालीम तिथेच, म्हणून बँडचं नाव तेच. सुरुवातीला ते अमेरिकन गाणी गायचे. पंचविशीच्या आतली मुलं. १२ मे १९६९ च्या पहाटे बर्मिंगहॅमचा कार्यक्रम करून परतताना एम-वन महामार्गावर त्यांची व्हॅन उलटली. ड्रम वाजवणारा मार्टिन लॅम्बल गेला, अवघा एकोणीस वर्षांचा. गिटारवादक रिचर्ड थॉम्पसनची मैत्रीण जीनी फ्रँकलिनही गेली. 'अनहाफब्रिकिंग' तेव्हा तयार होता, बाजारात यायचा होता. 'अ सेलर्स लाइफ'मधली ती लाटांसारखी झांज मार्टिनची. हे माहीत झाल्यावर ते गाणं पुन्हा एकदा ऐका.

बँड मोडायचा की ठेवायचा, हा प्रश्न होता. त्यांनी ठेवला, पण जुनी गाणी पुन्हा वाजवायची नाहीत असं ठरवलं. त्या उन्हाळ्यात विंचेस्टरजवळच्या फार्ली चेंबरलेन इथे एक मोठं घर भाड्याने घेऊन सगळे एकत्र राहिले. स्वॉर्ब्रिक आता पाहुणा राहिला नाही, बँडचा झाला. डेव्ह मॅटॅक्स हा नवा ड्रमवाला आला. बास वाजवणारा अ‍ॅशली हचिंग्ज लंडनच्या सेसिल शार्प हाउस या लोकसंगीत केंद्रातल्या संग्रहात बसून जुनी गाणी शोधू लागला. डिसेंबर १९६९ मध्ये 'लीज अँड लीफ' आला तेव्हा हचिंग्ज आणि सँडी दोघंही बँड सोडून गेलेले होते. त्याला आणखी खोल परंपरेत जायचं होतं, तिला स्वतःची गाणी लिहायची होती. २००६ साली बीबीसी रेडिओ टूच्या लोकसंगीत पुरस्कारांत हाच सर्वांत प्रभावी लोकसंगीत अल्बम ठरला.

त्यातलं 'टॅम लिन' दुसऱ्या बैठकीला ऐका. स्कॉटलंडच्या सीमाभागात सेल्कर्कजवळ कार्टरहॉ नावाची जागा आहे, गोष्ट तिथली. जॅनेट नावाची मुलगी मनाई असलेल्या रानात जाते, तिथे पऱ्यांच्या राणीने पकडून ठेवलेला टॅम लिन तिला भेटतो. त्याला सोडवायचं तर हॅलोवीनच्या रात्री पऱ्यांची स्वारी जात असताना त्याला घोड्यावरून ओढून घट्ट धरून ठेवायचं. तो तिच्या हातात साप होईल, सिंह होईल, जळतं लोखंड होईल, तरी सोडायचं नाही. जॅनेट सोडत नाही. या कथागीतांत बायका बहुतेकदा मरतात, ही जिंकते. म्हणून मला ती फार जवळची वाटते.

पायरी ४ : आपला कान वापरा

मराठी घरात वाढलेल्या माणसाकडे या संगीतासाठी एक तयार किल्ली असते, आणि ती फार कमी लोक वापरतात. ही गाणी नेहमीच्या पाश्चात्त्य मेजर-मायनरमध्ये बसत नाहीत. त्यांच्या जुन्या स्वरसप्तकांपैकी डोरियन म्हणजे आपला काफी थाट : गंधार आणि निषाद कोमल, बाकी शुद्ध. मिक्सोलिडियन म्हणजे खमाज थाट : फक्त निषाद कोमल. 'स्कारबरो फेअर' गुणगुणून बघा, काफीचे स्वर लगेच सापडतील. 'शी मूव्ह्ड थ्रू द फेअर' हे आयरिश गाणं सँडीने फेअरपोर्टबरोबर 'व्हॉट वी डिड ऑन अवर हॉलिडेज'वर गायलं आहे, त्यात खमाजचे स्वर आहेत. राग नव्हे हं, फक्त स्वर. पकड, चलन वगैरे शोधत बसू नका. पण पेटी घरी असेल तर ती चाल पेटीवर काढून बघा. परकेपणा निम्मा गळून पडतो.

दुसरी गोष्ट षड्जाची. यातली बरीच गाणी एका धरून ठेवलेल्या स्वरावर उभी असतात, तंबोऱ्यासारखी. गिटार शिकणाऱ्यांसाठी इथे एक खास जागा आहे. लंडनच्या डेव्ही ग्रॅहम या गिटारवादकाने साठच्या दशकाच्या सुरुवातीला तारा वेगळ्या जुळवायला सुरुवात केली. मोरोक्कोत ऐकलेल्या ऊद या वाद्याबरोबर वाजवता यावं म्हणून. जाड तारेपासून डी, ए, डी, जी, ए, डी. डी हा षड्ज धरला तर काय होतं बघा : सा प सा म प सा. मोकळ्या तारा छेडल्या तरी तंबोरा लागल्यासारखं वाटतं. या जुळणीला तिच्या अक्षरांवरून डॅडगॅड म्हणतात, आणि इंग्लंड-आयर्लंडच्या गिटारवादनात ती आज घरोघरी आहे. गिटार असेल तर नेहमीच्या जुळणीतून फक्त तीन तारा, सगळ्यात जाड आणि सगळ्यात बारीक दोन, दोन-दोन पडदे उतरवा. अर्ध्या तासात गाण्याच्या मागे धरायला काहीतरी मिळेल.

नाचाच्या धुना ओळखायला एवढं पुरे : जिग सहा मात्रांच्या झोक्याने चालते, दादऱ्यासारखी, रील चारच्या धावत्या लयीत. 'लीज अँड लीफ'वर धुनांची एक माळ आहे, तिच्यावर बोटांनी मात्रा मोजून बघा.

पायरी ५ : शेजारची दोन घरं

स्टीलाय स्पॅन हे हचिंग्जने फेअरपोर्ट सोडल्यावर मांडलेलं घर. गायिका मॅडी प्रायर. सँडीच्या आवाजात धुकं असेल तर मॅडीच्या आवाजात ऊन आहे, टोकदार आणि स्वच्छ. १९७१ चा 'प्लीज टू सी द किंग' आधी ऐका. त्यात ड्रम नाहीत आणि तरीही इलेक्ट्रिक गिटार चर्चमधल्या घंटांसारख्या घणघणतात. गायक-गिटारवादक मार्टिन कार्थी तेव्हा त्यांच्यात होता. मग 'गौदेते' : वाद्य एकही नाही, पाच गळे, लॅटिन भाषेतलं सोळाव्या शतकातलं नाताळचं गीत. १९७३ च्या डिसेंबरात ते ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत चौदाव्या क्रमांकापर्यंत गेलं. 'ऑल अराउंड माय हॅट' १९७५ मध्ये पाचव्यावर. ते आनंदाचं आहे, पण सुरुवात त्यापासून करू नका, मागचं सगळं फिकं वाटायला लागेल.

पेंटँगलचं घर निराळं. बर्ट जान्श आणि जॉन रेनबर्न दोन गिटारांवर, जॅकी मॅकशी गाणारी, डॅनी थॉम्पसन उभ्या डबल बासवर, टेरी कॉक्स ड्रमवर. यांच्यात जॅझ मुरलेला. 'बास्केट ऑफ लाइट' हा १९६९ चा अल्बम. त्यातलं 'लाइट फ्लाइट' पाच आणि सात मात्रांत उड्या मारत जातं, ज्यांना तालाची आवड आहे त्यांनी इथूनच शिरलं तरी चालेल. १९७० च्या 'क्रुएल सिस्टर'मध्ये थोरली बहीण धाकटीला समुद्रात ढकलते. तिच्या हाडांची वीणा करतात आणि ती वीणा लग्नाच्या मांडवात आपण होऊन खरं बोलते. त्या गाण्यात रेनबर्न सतार वाजवतो. आपल्याकडच्या वादकाच्या हातची ती सतार नव्हे, मींड नाही, गत नाही. पण हाडांच्या वाद्याचा आवाज कसा काढायचा या प्रश्नाला त्याला सतार सुचली, आणि तिथे ती शोभते.

पायरी ६ : एकच गाणं, चार-पाच गळे

हा माझा सगळ्यात लाडका धडा. एक रविवार मोकळा ठेवा.

गाणं 'ब्लॅकवॉटरसाइड'. आयर्लंडकडचं. मुलाने वचन देऊन सकाळी मोडलं, मुलगी ते सांगते. लोकगीतांचे अभ्यासक ए. एल. लॉइड यांनी ते अ‍ॅन ब्रिग्ज या तरुण गायिकेला दिलं. अ‍ॅन एकटी, बहुधा वाद्याशिवाय गायची, ध्वनिमुद्रणाची तिला फारशी हौस नव्हती. तिच्याकडून ते बर्ट जान्शने घेतलं आणि गिटारवर बसवलं, १९६६ च्या 'जॅक ओरायन'वर ते आहे. गाणं एका लयीत, गिटार दुसऱ्याच. तिथून ती गिटार लेड झेपेलिनच्या जिमी पेजच्या बोटांत गेली. १९६९ च्या त्यांच्या पहिल्या अल्बमवर 'ब्लॅक माउंटन साइड' नावाने शब्दांशिवाय येते, आणि तिथे तबला आहे, वादक विराम जसानी. त्यानंतर १९७१ मध्ये सँडी डेनीने स्वतःच्या पहिल्या एकल अल्बमवर ते पुन्हा गायलं, संथ, जड पावलांनी.

क्रम असा ठेवा : अ‍ॅन, बर्ट, जिमी पेज, सँडी. मग पुन्हा अ‍ॅन. प्रत्येकाने काय ठेवलं, काय टाकलं ते वहीत दोन ओळींत लिहा. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा शेवटी पुन्हा अ‍ॅनकडे आल्यावर लक्षात आलं की बर्टची अवघड वाटणारी गिटार म्हणजे तिच्या गळ्यातल्या वळणांचीच नक्कल आहे. तो दिवस मला अजून आठवतो.

असाच दुसरा माग 'स्कारबरो फेअर'चा. पॉल सायमनने ते लंडनमध्ये मार्टिन कार्थीकडून ऐकलं, १९६६ मध्ये सायमन आणि गारफंकल यांनी जगभर नेलं. २००० साली लंडनमध्ये कार्थी आणि सायमन यांनी ते एका मंचावर एकत्र गायलं. कार्थीचं १९६५ चं ध्वनिमुद्रण ऐकलं की गाण्याचा कणा हाती लागतो.

पायरी ७ : गाण्याचा नंबर शोधा

माग काढताना पहिली अडचण नावांची. 'मॅटी ग्रोव्ह्ज', 'लिटल मस्ग्रेव्ह' हे एकच गाणं. त्यासाठी दोन क्रमांक उपयोगी पडतात. हार्वर्डचे प्राध्यापक फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांनी १८८२ ते १८९८ या काळात निघालेल्या ग्रंथांत इंग्रजी-स्कॉटिश कथागीतं गोळा केली, एकूण ३०५. प्रत्येकाला क्रमांक : 'टॅम लिन' ३९, 'मॅटी ग्रोव्ह्ज' ८१, 'क्रुएल सिस्टर'चं मूळ १०. दुसरा राउड क्रमांक, तो चाइल्डमध्ये नसलेल्या गाण्यांनाही असतो. तो स्टीव्ह राउड या ग्रंथपालाने कार्डांवर सुरू केला आणि आता सेसिल शार्प हाउसमधल्या व्हॉन विल्यम्स ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतो. 'ब्लॅकवॉटरसाइड' राउड ३१२. हा आकडा टाकला की कोणत्या गावात, कोणत्या साली, कोणाकडून ते टिपलं गेलं ते समोर येतं. शब्द आणि कोणी कोणी गायलं याची तुलना हवी असेल तर 'मेनली नॉरफोक' हे संकेतस्थळ उत्तम आहे.

टिपणाऱ्यांत सेसिल शार्प यांची गोष्ट सगळे सांगतात. १९०३ साली सॉमरसेटमधल्या हँब्रिज गावात चर्चच्या धर्मगुरूंच्या घरी ते उतरले होते. बागेत गवत कापता कापता जॉन इंग्लंड नावाचा माळी 'द सीड्स ऑफ लव्ह' गात होता. शार्प यांनी वही काढली. मला त्यात माळ्याचं नाव टिकून राहिलं याचं जास्त अप्रूप आहे. या नोंदींत घरकाम करणाऱ्या, शेतमजूर, खलाशी अशा शेकडो माणसांची नावं आहेत. गाणं ऐकून झालं की ते कुणाकडून टिपलं ते नाव जरूर वाचा.

पायरी ८ : एकेकटे गाणारे

आता घाई न करता, महिन्याला एक.

शर्ली कॉलिन्स. ससेक्सची, साधा, मातीचा आवाज. १९७१ चा 'नो रोझेस' हचिंग्जबरोबर, पंचवीसहून अधिक वादक घेऊन केलेला. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तिचा आवाज गेला, गाणं थांबलं. अडतीस वर्षांनी, २०१६ मध्ये, ऐंशी ओलांडल्यावर तिचा नवा अल्बम 'लोडस्टार' आला. आधीचा आवाज आणि हा आवाज लागोपाठ ऐका. वय लपवायचा काडीचाही प्रयत्न नाही.

रिचर्ड आणि लिंडा थॉम्पसन यांचा १९७४ चा 'आय वाँट टू सी द ब्राइट लाइट्स टुनाइट'. जुन्या कथागीतांच्या साच्यात नवी गाणी कशी लिहितात ते इथे दिसतं.

निक ड्रेक फोक-रॉकच्या कडेला उभा आहे. जन्म रंगूनचा, १९४८. तीन अल्बम काढून १९७४ मध्ये सव्विसाव्या वर्षी गेला. 'फाइव्ह लीव्ह्ज लेफ्ट'वर रिचर्ड थॉम्पसन आणि डॅनी थॉम्पसन दोघंही वाजवतात, म्हणजे माणसं तीच. त्याला रात्री, एकट्याने ऐका.

शीला चंद्रा. लंडनची, भारतीय वंशाची. १९९२ च्या 'वीव्हिंग माय अ‍ॅन्सेस्टर्स व्हॉइसेस'मध्ये धरलेल्या षड्जावर ब्रिटिश बेटांचं गाणं आणि भारतीय गायकी एकाच श्वासात येतात. पायरी ४ मध्ये स्वरांबद्दल जे लिहिलं ते तिने गाऊन दाखवलं आहे. पुढे आजारामुळे तिला गाणं सोडावं लागलं. त्याआधी द इमॅजिन्ड व्हिलेज या गटात ती कार्थी बापलेकीबरोबर गायली, तिथे ढोलही आहे. त्याच २००७ च्या अल्बमवर कवी बेंजामिन झेफनायाने 'टॅम लिन'ची गोष्ट आजच्या शहरात आणून सांगितली आहे.

नव्यांपैकी नॉर्थम्बरलँडच्या द अनथँक्स बहिणी. त्यांची बोली कळायला वेळ लागतो, लागू द्या.

आणि मग सँडीकडे परत या. १९७२ चा 'सँडी' हा तिचा एकल अल्बम आता ऐका, आधी नको. २१ एप्रिल १९७८ ला, पडून डोक्याला झालेल्या इजेनंतर, ती गेली. वय एकतीस. हे माहीत असताना तिचं काळाबद्दलचं पहिलं गाणं ऐकणं जड जातं. तरी मी दर वर्षी त्या दिवशी ऐकतो.

पायरी ९ : तिकडे असाल तर

ब्रिटनमध्ये शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मराठी मुला-मुलींना माझा आग्रह आहे : घरी बसून ऐकू नका. ऑगस्टमध्ये ऑक्सफर्डशायरमधल्या क्रोप्रेडी गावी जा. १९७९ साली फेअरपोर्टने तिथे निरोपाचा कार्यक्रम केला, आणि मग पुढच्याच वर्षापासून तिथे भेटायला सुरुवात केली. कोरोनाची वर्षं सोडली तर ते चालूच राहिलं. शेवटच्या रात्री 'मीट ऑन द लेज' हे फेअरपोर्टचं गाणं होतं, अख्खं शेत गातं. लंडनमध्ये असाल तर कॅमडनजवळच्या सेसिल शार्प हाउसमध्ये चक्कर मारा, ही वास्तू १९३० पासून आहे.

पण खरं गाणं लहान फोक क्लबात, पबच्या मागच्या किंवा वरच्या खोलीत. पंधरा-वीस माणसं, माइक बहुतेकदा नसतो. गाणं चालू असताना बोलायचं नाही, पेला ठेवायचा तोही हळू. धृपद आलं की सगळ्यांनी उचलायचं, येत नसेल तर दुसऱ्या वेळी. मुख्य गायकाआधी हजर असलेल्यांपैकी कुणीही उठून एखादं गाणं म्हणू शकतं. आणि गाण्याआधी ते कुणाकडून मिळालं हे सांगायची रीत आहे : हे मी अमक्या बाईंकडून शिकलो, त्यांनी तमक्या गावात ऐकलं. आपल्याकडे मैफलीत गुरूचं नाव घेऊन कानाला हात लावतात, मला तेच आठवतं.

जाताना एक गाणं तयार ठेवा. इंग्रजीच हवं असं नाही. मी कामानिमित्त यॉर्कशायरमध्ये होतो तेव्हा तिसऱ्या आठवड्याला यजमानबाईंनी माझ्याकडे बघून 'तुमचं?' म्हटलं. मला इंग्रजी गाणं एकही धड पाठ नव्हतं. उभा राहिलो, हे माझ्या आजीकडून, जात्यावर दळताना म्हणायची, एवढं सांगितलं आणि तिच्या तीन ओव्या म्हटल्या. तिसऱ्या ओवीला मागच्या बाकावरच्या कुणीतरी खालचा षड्ज धरला होता. खाली बसलो तेव्हा शेजारच्या वयस्क बाई माझ्याकडे वळल्या आणि हळूच विचारलं, 'आणि आजीला कुणी दिलं?'

तिच्या आत्याने, मी म्हटलं, आणि त्यांनी आत्याचं नाव विचारलं.